पुराची पातळी आणि मुलांची उंची



पुणे शहराच्या आयुष्यात काही तारखा अशा आहेत की जुन्या माणसांपाशी त्यांचे वर्ष सांगावे लागत नाही. १२ जुलै ही त्यांपैकी एक. १९६१ सालच्या त्या बुधवारी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि मुठेचे पाणी शहराच्या पेठांत शिरले. या पुरावर पुष्कळ लिहिले गेले आहे, बोलले गेले आहे, आणि भांडलेही गेले आहे. ते सगळे पुन्हा सांगण्याचा आज माझा विचार नाही. माझा विषय त्याहून लहान आहे. त्या दिवशी जी मुले शाळेच्या वयाची होती, ती आता पंचाहत्तरीच्या घरात आली आहेत. नदीकाठच्या पेठांतील एका शाळेचे माजी विद्यार्थी एकत्र जमून त्या दिवसाच्या आठवणी सांगू लागले व त्या लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले. हे काम करताना जे ध्यानात आले ते आपल्यापुढे ठेवतो. लहानपणीची आठवण हा पुरावा कितपत धरावा, कशाचा धरावा, आणि कशाचा धरू नये, एवढाच प्रश्न.

प्रथम घडले काय, ते थोडक्यात पाहू. कारण आठवणी पारखायच्या तर त्यांच्या शेजारी ठेवायला काहीतरी घट्ट वस्तू हवी.

खडकवासल्याचे धरण इंग्रजी अमदानीतले, १८७०च्या दशकात बांधलेले, दगडी. शहराचे पाणी आणि खालच्या शेतीचे कालवे त्याच्यावर. पानशेतचे धरण त्याच्या वरच्या अंगाला, आंबी नदीवर, आणि ते मातीचे. मातीचे धरण म्हणजे कच्चे धरण, असा एक समज तेव्हा लोकांत होता, अजूनही आहे. तो खरा नव्हे. नीट बांधलेले मातीचे धरण शंभर शंभर वर्षे उभे राहते. त्याची अडचण निराळी आहे. दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तर ती काही काळ ते सोसते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की ते पाणीच बांध कापत खाली उतरते, आणि मग माणसाच्या हातात काही उरत नाही. १९७९ साली गुजरातेत मोरवीला मच्छू नदीवरचे धरण गेले ते याच रीतीने.

पानशेतला १९६१च्या पावसाळ्यात काम पुरे झालेले नव्हते. धरणातून पाणी सोडण्याचा जो बोगद्यासारखा मार्ग बांधाच्या पोटातून जातो, त्याचे व त्याच्या दरवाजांचे काम अपुरे होते, आणि तशाच स्थितीत पाणी अडवले गेले. पाऊस जोराचा लागला, पाणी झपाट्याने चढले, आणि त्या मार्गाच्या वरचा बांध खचू लागला. ११ तारखेच्या रात्री लष्कराच्या जवानांनी पावसात उभे राहून वाळूची पोती रचली, खचलेला भाग उचलून धरण्याची शिकस्त केली. सकाळी सातच्या सुमारास बांध गेला.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पानशेतचे पाणी सरळ पुण्यात आले नाही. वाटेत खडकवासल्याचा तलाव होता. ते पाणी आधी त्या तलावात शिरले, जुन्या दगडी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागले आणि मुठा फुगली. भिंत मात्र लगेच पडली नाही. ती काही तास उभी राहिली, आणि मग तीही गेली. या काही तासांनी शहराची किती माणसे वाचवली याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. पानशेत फुटले ते दिवसा, आणि खडकवासला लगेच गेले नाही, या दोन गोष्टी नसत्या तर आज ज्यांच्या आठवणी आपण लिहून घेतो आहोत त्यांतले बरेच जण उरलेच नसते.

पुढे चौकशी झाली. आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्यानंतर न्यायमूर्ती नाईक यांचा आयोग बसला. इंजिनिअर, अधिकारी, नागरिक यांच्या साक्षी झाल्या. दहा वर्षांच्या मुलाला साक्षीला कोण बोलावणार? बोलावू नये हेच बरोबर होते. बांध का फुटला हे त्याला ठाऊक नव्हते. पण बांध फुटल्यावर गल्लीत काय झाले, घरात काय झाले, हे त्याला ठाऊक होते, आणि ते कोणी विचारले नाही.

शाळेच्या त्या जमण्याला पहिल्या दिवशी बरीच मंडळी आली होती. कोणी काठी टेकीत, कोणी नातीचा हात धरून. सुरुवातीला सगळे एकदम बोलत होते. एक म्हणाले, "सकाळी प्रार्थना झाली आणि गुरुजी म्हणाले, दप्तरं उचला, घरी पळा." दुसरे म्हणाले, "कुठली प्रार्थना? त्या दिवशी शाळा भरलीच नाही." तिसऱ्या बाई म्हणाल्या, "पोलिसांची गाडी आली होती, भोंग्यावरून सांगत होते." लगेच कोणी तरी उत्तर दिले, "आमच्याकडे कुत्रंसुद्धा आलं नाही सांगायला." वाद वाढायला वेळ लागला नाही. मला वाटते, अशा वेळी लिहून घेणाऱ्याने पंचाची भूमिका घेऊ नये. सकाळचे अधिवेशन आणि दुपारचे अधिवेशन अशी शाळेची दोन सत्रे; एकाने सकाळचे सांगितले, दुसऱ्याने दुपारचे. पोलिसांची गाडी एका गल्लीत गेली असेल, पलीकडच्या बोळात ती वळूच शकली नसेल. दोघेही खरे. प्रत्येकाला आधी "तुम्ही कुठे उभे होता?" एवढे विचारले की निम्मे तंटे मिटतात.

या आठवणींतून पहिली लक्षणीय गोष्ट निघाली ती पाण्याच्या चढण्याबद्दल. एकमेकांना वर्षानुवर्षे न भेटलेल्या माणसांनी, नारायण पेठेतल्या आणि शनिवारातल्या, एकच क्रम सांगितला. पाणी आधी हळूहळू चढले. लोक ते पाहायला नदीवर गेले, लकडी पुलावर गर्दी झाली. मोठी माणसे म्हणत होती की दरवर्षी येते तसेच पाणी आहे, पायरीला लागेल आणि उतरेल. मग ते चढतच गेले. मग थोडा वेळ जणू विचारात पडल्यासारखे एका पायरीशी खेळत राहिले; आणि त्यानंतर जे चढले ते पाहत राहण्याजोगे नव्हते. एका बाईंनी सांगितले, "मी जिन्याच्या पायऱ्या मोजत होते. तीन पायऱ्या जायला पुष्कळ वेळ लागला, आणि पुढच्या सहा पायऱ्या आई हाक मारेपर्यंत गेल्या." त्या बाईंना तेव्हा खडकवासल्याची भिंत, तिचे काही तास टिकणे, मग कोसळणे, यातले काही ठाऊक नव्हते. पायऱ्या मात्र मोजता येत होत्या. भिंतीवरून वाहणारे पाणी निराळे आणि भिंत गेल्यावर सुटलेले पाणी निराळे, हे इंजिनिअरांच्या कागदांवरून जे कळते तेच त्या जिन्यावरच्या मुलीने आपल्या मापाने नोंदवून ठेवले होते. साधी गोष्ट, पण लिहून घेताना माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो.

याच्या उलट एक उदाहरण देतो. एका गृहस्थांची आठवण फार सुंदर होती. त्या रात्री ते कुटुंबासह पर्वतीच्या पायऱ्यांवर होते. खाली सगळे शहर काळे पडलेले, दिवा नाही, आणि चांदण्यात पेठांमधले पाणी चमकत होते. सांगताना त्यांचा स्वर बदलला. ऐकणारेही स्तब्ध झाले. पण पंचांग काढून पाहिले तर १२ जुलै १९६१ची रात्र अमावास्येची. वीज गेलेली, आकाशात ढग, आणि अमावास्या. त्या रात्री चांदणे कुठून येणार? मग ते गृहस्थ खोटे बोलले काय? मुळीच नाही. पूर ओसरल्यावर कित्येक कुटुंबे पुढचे अनेक दिवस घराबाहेरच होती, आणि त्या पंधरवड्यात चंद्र वाढत पौर्णिमेपर्यंत गेला. कुठल्या तरी पुढच्या रात्रीचे चांदणे येऊन पहिल्या रात्रीच्या चित्राला चिकटले. सांगणाऱ्याला तो सांधा दिसत नाही.

मनाचे असे का होते यावर केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी पुष्कळ काम केले. त्यांचे स्मरणावरचे पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी इंग्रज वाचकांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा थोडी आखूड झाली. अनोळखी गोष्टी गळाल्या आणि त्यांच्या जागी इंग्रजांच्या ओळखीच्या गोष्टी येऊन बसल्या. आठवण म्हणजे कुलूप लावून ठेवलेली पेटी नव्हे. दर वेळी सांगताना माणूस ती नव्याने बांधतो, आणि बांधताना हाताशी असेल ते सामान वापरतो. पुण्यातल्या पुराच्या कथेला गेली साठ-पासष्ट वर्षे वर्तमानपत्रांतले लेख, दर जुलैला छापली जाणारी छायाचित्रे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे असे भरपूर सामान मिळत आलेले आहे. लकडी पूल बुडाला तेव्हा आपण समोर उभे होतो असे सांगणारे मला इतके भेटले, की ते सगळे खरोखर उभे असते तर पुलाला पाण्याची गरजच उरली नसती! हा विनोद मी त्या मंडळींपुढेही केला आणि ते हसले.

उंचीचेही असेच. "पाणी माझ्या गळ्यापर्यंत आले होते," असे जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. मुलाचा गळा जमिनीपासून किती? नऊ वर्षांच्या मुलाचा तीन-साडेतीन फूट. मोठ्या माणसाच्या कमरेचे पाणी ते मुलाच्या गळ्याचे. म्हणून आम्ही एक रीत ठेवली: आकडा विचारायचाच नाही. "दाराच्या कडीला लागले होते का? कोनाड्यातली पणती बुडाली का? माडीच्या कितव्या पायरीवर तुम्ही बसला होता?" असे विचारायचे. कडी, कोनाडा, पायरी यांची उंची पुढे मोजता येते. मात्र मोजायला ते घर उभे पाहिजे, आणि इथेच अडते. काही जुन्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा करून ठेवलेल्या होत्या. वाडा पाडून इमारत उभी राहिली की ती खूण राडारोड्याच्या गाडीतून जाते.

वाड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. बऱ्याच मुलांनी एक गोष्ट आश्चर्याने सांगितली: घर पुरात उभे होते, आणि पाणी उतरल्यावर पडले. "देवाने दिवसभर धरून ठेवलं आणि संध्याकाळी सोडून दिलं," असे एका आजींचे शब्द त्यांच्या नातवाने सांगितले. नातू स्वतः आता आजोबा आहे. याचे कारण समजण्याजोगे आहे. पेठांतले पुष्कळ वाडे लाकडी सांगाड्याचे आणि मातीच्या भिंतींचे. पाणी भोवती असते तोवर ते भिंतीला दोन्ही बाजूंनी दाबून धरते. भिंत आतून भिजून मऊ झालेली असते, पण आधार असतो. पाणी उतरू लागले की तो आधार जातो. उरते ती आपल्याच वजनाने जड झालेली ओली माती. म्हणून "पाणी उतरले, आता घरी जाऊ" म्हणून जे घाईने परतले त्यांना धोका जास्त होता. मुलांच्या आठवणीत धडाम् आवाज जे आहेत ते बहुतेक संध्याकाळचे आणि रात्रीचे आहेत, दुपारचे नाहीत. दुपारच्या आवाजाबद्दल विचारले तर ते वेगळे सांगतात: एक सलग घोंघावणे, आणि मध्येच तुळया एकमेकींवर आपटल्याचा.

पुढच्या दिवसांबद्दल मी फार लांबवत नाही. शाळांच्या वर्गांत माणसे राहिली. फळ्याखाली चुली पेटल्या. दंडावर कॉलऱ्याची टोचणी झाली, आणि ती चुकवायला मुले कुठे कुठे लपली हे सांगताना सत्तरी ओलांडलेली माणसे पुन्हा लहान झाली. धरण गेल्यामुळे पुराने बुडालेल्या शहराला प्यायला पाणी नाही अशी विचित्र अवस्था झाली. मग पेशवाईतल्या कात्रजच्या नळाचे हौद आणि वाड्यांतल्या विहिरी यांची आठवण झाली. "पाणी पुन्हा आलं!" अशी आवई उठली की सगळी गल्ली टेकडीकडे धावे. पंधरा पंधरा दिवस चिखलाचा वास, धान्य कुजल्याचा वास. नारायण पेठेत छापखाने पुष्कळ. ओल्या कागदांचे गठ्ठे रस्त्यावर वाळत पडलेले एकाने पाहिले, आणि त्यांतला एक कोरा ताव उचलून त्याची नाव केली म्हणून वडिलांच्या हातचा मार खाल्ला. "पुराच्या पाण्यानंतर नाव करतोस?" असे ते म्हणाले म्हणे.

इथपर्यंत सगळे गोड होते. सभा खरी अडली ती दुसऱ्या बैठकीत.

आठवणी सांगणारे जे होते ते बहुतेक वाड्यांत राहणारे, म्हणजे वरच्या मजल्यावर जाऊ शकणारे. त्यांच्या बोलण्यात "सुट्टी मिळाली", "मजा आली" असे शब्द पुन्हा पुन्हा येत. मुलाच्या दृष्टीने ते खरेच आहे. तेव्हा मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. नदीच्या अगदी काठच्या वस्तीत त्यांचे घर होते. घर म्हणजे एक खोली, पत्र्याची. ते म्हणाले, "तुमच्या वर्गात आम्ही नऊ जण त्या वस्तीतले होतो. पुरानंतर शाळा सुरू झाली तेव्हा किती होतो, कोणाला आठवतं का?" कोणाला आठवत नव्हते. ते स्वतः काही महिने अर्धगोल पत्र्याच्या बराकीत राहिले, मग गोखलेनगरला. शाळा लांब पडली. वर्षभराने ते एका कारखान्यात कामाला लागले, आणि आपल्याला या जमण्याचे बोलावणे आले तेही योगायोगाने, कारण शाळेच्या यादीत त्यांचे नावच नव्हते. यादी शालान्त परीक्षेला बसलेल्यांची होती.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, राजेंद्रनगर अशा वसाहतींनी पुण्याचा नकाशाच बदलला; मुठेकाठचे दाट पुणे पसरून डोंगरांच्या पायथ्याशी गेले. हे आपण शहराच्या वाढीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. पण प्रत्येक वसाहतीच्या मागे एक शाळा आहे जिच्यातून मुले उठून गेली. काहींना नव्या ठिकाणी शाळा मिळाली, काहींची सुटली. मुलींची जास्त सुटली. एका बाईंनी सांगितले, त्यांची थोरली बहीण सातवीत होती, हुशार होती; पुरात संसार गेला, आई कामाला जाऊ लागली, धाकट्यांना सांभाळायला बहीण घरी राहिली ती राहिलीच. "तिची आठवण लिहा," त्या म्हणाल्या, "ती नाही आता, पण ती या शाळेचीच विद्यार्थिनी होती." माजी विद्यार्थी म्हणजे कोण, असा प्रश्न त्या बाईंनी न विचारता विचारला.

दुसरा पेच याहून अवघड. त्याच गृहस्थांनी सांगितले की पाणी चढत असता त्यांची आई तीन मुलांना घेऊन एका वाड्याच्या दिंडीशी गेली, आणि आतून अडसर लावला गेला. पुढच्या वाड्यात एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना माडीवर घेतले, आपल्या अंथरुणावर बसवले आणि दिवसभर चहा पाजला. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या. आठवणींचे पुस्तक छापायचे ठरले तेव्हा काही मंडळींचे म्हणणे पडले की म्हाताऱ्या बाईंची हकीकत घ्यावी, अडसराची गाळावी. कशाला जुन्या गोष्टी उकरायच्या, त्या घरातली माणसे आज नाहीत, शिवाय आठ वर्षांच्या मुलाची आठवण, ती धरावी कशी? आत जागा नसेल, दाराशी आधीच पाणी आले असेल.

मी माझे मत स्पष्ट सांगितले, ते इथेही सांगतो. चांदण्याची आठवण आपण पंचांगाने तपासली आणि तरीही छापायचे ठरवले, फक्त खाली टीप देऊन. गळ्यापर्यंतच्या पाण्याची आठवण आपण छापतो. मग नेमकी हीच आठवण अविश्वसनीय का ठरते? दार का लावले हे त्या मुलाला ठाऊक असणे शक्य नाही. तेवढे त्याच्या आठवणीतून काढू नये. आपल्या तोंडावर दार लागले हे मात्र त्याला ठाऊक आहे. वाड्याचे नाव घालण्याचे कारण नाही, आणि त्या गृहस्थांनीही ते सांगितले नाही. म्हाताऱ्या बाईंच्या मोठेपणालासुद्धा अर्थ येतो तो आधीचे दार लागले होते म्हणूनच. एक गाळून दुसरी ठेवली तर ती निव्वळ गोड कथा होते. वाद बराच झाला. दोघे रागावून गेले, त्यांतले एक पुढच्या बैठकीला परत आले. हकीकत पूर्ण घ्यायची असे शेवटी ठरले.

ज्यांना आपल्या शाळेत, आपल्या पेठेत असे काम करायचे असेल त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. एकेकट्याची आठवण आधी घ्यावी, मग सर्वांना एकत्र बसवावे. उलट केले की तिसऱ्या माणसापासून सगळे पहिल्याचीच गोष्ट सांगू लागतात. सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय, इयत्ता आणि उभे राहण्याची जागा आधी लिहावी. स्वतः पाहिलेले आणि घरात ऐकलेले वेगळे करावे, पण ऐकलेले फेकून देऊ नये. सुधारणा मजकुरात करू नये, खाली करावी. आणि शाळेचा पटाचा रजिस्टर मिळाला तर १९६१च्या जूनचा व १९६२च्या जूनचा असे दोन्ही पट शेजारी ठेवून पाहावेत. आमच्या शाळेत जूनचा पट सापडला आहे. दुसऱ्याचा शोध चालू आहे. पहिल्या पटातल्या ज्या नावांपुढे आम्हाला काहीच लिहिता आले नाही, ती नावे पुस्तकाच्या शेवटी जशीच्या तशी छापतो आहोत, पुढे जागा कोरी सोडून. आपल्यापैकी कोणाला त्यांतले कोणी माहीत असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटावे; वही मी बरोबर आणली आहे.